लंचची वही

आमच्या कंपनीतला भोंगा आपोआप वाजत नसे. तशी पेटी टाइम ऑफिसच्या भिंतीवर बसवलेली होती, पण मास्तरांनी तिची वायर काढून ठेवली होती. ती पेटी दिवसाला दोन-तीन सेकंद मागं पडते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं असायची. डाव्यावर चावीचं, उजव्यावर सेलचं. दोन्हींत फरक दिसला की ते मोबाइल काढायचे, त्याच्यावरही फारसा विश्वास नसल्यासारखं तोंड करायचे आणि मग बटण दाबायचे. सात, साडेअकरा, बारा, साडेतीन. चाकणच्या त्या पट्ट्यात आजूबाजूच्या कंपन्यांचे भोंगे मागंपुढं वाजत राहायचे, आमचा मात्र सुरी मारल्यासारखा.

पोरं पाठीमागं त्यांना भोंगामास्तर म्हणायची, तोंडावर नुसतं मास्तर. ते टाइमकीपर होते. हजेरी, गेटपास, ओव्हरटाइमची यादी, अपघात झाला तर त्याचा फॉर्म, सगळं त्यांच्याकडं. गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा शर्ट, कानावर पेन्सिल, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वय अठ्ठावन्नच्या जवळ. मूळचे चऱ्होलीचे. बोलणं सगळं तिथलं, व्हय आणि न्हाईचं. ऑफिसातल्या कुणी त्यांची नक्कल केली तर ते रागवत नसत, फक्त त्या माणसाची पुढच्या महिन्याची हजेरी डोळ्यांत तेल घालून बघत.

शर्टाच्या खिशात एक वही असे. जुन्या रजिस्टरची कोरी पानं मध्ये दुमडून दोऱ्यानं शिवलेली. मी क्वालिटीत कंत्राटावर लागले तेव्हा त्यांची चौदावी वही चालू होती आणि चौदाही वह्यांत एकच शब्द भरलेला होता. लंच.

म्हणजे असं, की कंपनीत कुणी लंच हा शब्द उच्चारला आणि त्यांच्या कानावर पडला, की ते जागेवर थांबायचे, पेन्सिल काढायचे, तारीख, वेळ, वाक्य आणि बोलणारा कोण ते लिहायचे. सगळे लिहिले असतील असं नाही, रोजचे 'लंच झाला का' ते सोडून द्यायचे. पण काही वेगळं कानावर आलं की सोडत नसत. 'आज लंच कापला.' 'तो लंचला बसलाय, म्हणजे काढून टाकलाय.' 'सेकंड शिफ्टचा लंच साडेसातला.' हे वाक्य त्यांना फार खुपायचं. साडेसातला माणूस जेवतो ते रात्रीचं, त्याला दुपारचं नाव देणारी कंपनी दिवस-रात्र मानत नाही, असं ते म्हणत. बिहारकडची पोरं 'लंच मार लिया' म्हणायची. तेही वहीत होतं, हिंदीतच.

ऑपरेटर त्यांची मजा करायचे. एकदा एकानं गंभीर चेहरा करून सांगितलं, "मास्तर, लिहा. आमच्या सासऱ्यानं लग्नात लंच दिला नाही म्हणून मी बायकोशी बोलत नाही."

मास्तरांनी पेन्सिल काढलीच नाही. म्हणाले, "बनावट हाय. खरं बोलशील तवा लिहीन."

मी एकदा विचारलं, एवढे इंग्रजी शब्द आपण वापरतो, शिफ्ट, टार्गेट, रिजेक्शन, मग हाच का. ते म्हणाले, एका शब्दाचं नीट झालं तरी जन्माचं काम झालं.

एका पानावर त्यांनी दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून ठेवली होती आणि ती ते नव्या माणसाला दाखवत. पहिलं वरच्या केबिनमधलं: 'आज वर्किंग लंच आहे.' दुसरं खाली प्रेसलाइनवरचं: 'आज लंच वर्किंग आहे.' केबिनमध्ये तसं म्हणतात तेव्हा जेवण टेबलावर येतं, लॅपटॉप चालू राहतात, मधूनमधून एखादा सँडविच उचलतो. लाइनवर म्हणतात तेव्हा डबा बंद राहतो. वाचून दाखवून झालं की ते वही मिटत आणि समोरच्याकडं बघत राहत. मला दाखवली तेव्हा मी म्हटलं, याच्यावर पत्रक निघेल. ते म्हणाले, "पत्रक नगं. इथं काय चाललंय ते नुसतं ध्यानात ठेव."

हा छंद कसा लागला, ते नव्या बॅचला पहिल्या दिवशी ऐकावंच लागे. एकोणिसाव्या वर्षी ते भोसरीतल्या एका कारखान्यात लागले. बापाची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली त्याच्या बदल्यात ही नोकरी. पहिल्या दिवशी फडक्यात भाकरी बांधून नेलेली. दुपारी फोरमन आला, लंच म्हणाला आणि निघून गेला. सगळे गेले. यांना वाटलं लंच हे कुठलं तरी दुसरं खातं असणार आणि आपली काही तिकडं बदली झालेली नाही. अर्धा तास ते बंद लेथसमोर उभे राहिले, भाकरी पायाशी.

इथं ऐकणारी पोरं हसायची. मास्तर हसत नसत. "मशीन बंद, आन् म्या हुबा," ते म्हणायचे. "पंचवीस मान्सं माझ्या म्होरनं गेली. एकानं सांगितलं न्हाई का बाबा जेवायचं हाय. भोंगा सांगतो, पर मान्सानं सांगाया पायजे."

आणि म्हणून त्यांची ती फेरी. साडेअकराचा भोंगा वाजवला की ते टाइम ऑफिसला कुलूप लावून शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, यायचे आणि प्रेसलाइनपासून सुरुवात करायचे. प्रत्येक मशीनसमोर उभं राहायचं, किल्ल्यांचा जुडगा खांबावर एकदा वाजवायचा आणि म्हणायचं, "जेवायला चला." लंच हा शब्द ते स्वतः कधी उच्चारत नसत. नुसतं म्हणून पुढं जात नसत, तर माणसानं मशीनमधून हात काढून, मेन स्विच पाडून, हातमोजे काढेपर्यंत तिथंच उभे राहत. अठरा मशीन, अठरा वेळा जेवायला चला. आला गुरव नैवेद्य दाखवायला, अशी कुजबुज व्हायची.

मंदाताई मात्र मोठ्यानं बोलायच्या. प्रेस नंबर चारवर त्या असायच्या. परभणीकडच्या, पस्तिशीच्या, सहा वर्षं कंत्राटावर. कंत्राटदाराचं नाव बदलायचं, मंदाताई तिथंच. आम्ही प्रेसवर पत्रा दाबून गाड्यांच्या दारांचे ब्रॅकेट बनवायचो आणि त्यांच्या हाताचा वेग कुणालाच जमत नसे. मास्तर समोर येऊन जेवायला चला म्हणाले, की त्या विचारायच्या, "चला की. तुमी वाढनार हाव का?" मास्तरांचे कान लाल व्हायचे. पण ते स्विच पाडेपर्यंत हलायचे नाहीत.

ही फेरी किती गरजेची होती ते मला तेव्हा कळलं नव्हतं. तिथली रीत अशी होती, की उत्पादन चालू असताना प्रेस एक मिनिट थांबवायची नाही. मग डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, पुसायची, आत अडकलेले तुकडे काढायचे, तेल द्यायचं, हे सगळं कधी? प्रेस थांबते तेव्हा. ती थांबते लंचला. म्हणजे जी वेळ हात बाहेर काढायची, तीच हात आत घालायची. त्यात मेन स्विच पाडला तर पुन्हा सुरू करून सेटिंग लावण्यात वेळ जातो, म्हणून तो चालूच ठेवायचा. हात आत गेला की प्रेस अडवणारा सेन्सर होता, पण तो सारखा अडवतो म्हणून कधीच बायपास केलेला. मास्तर लाइनवर दिसले की सुपरवायझर लांब व्हायचा, बायका स्विच पाडायच्या. मास्तर पुढच्या शॉपला गेले की काही जणी परत यायच्या. तरी पहिली दहा मिनिटं, निदान तेवढी, माणसं मशीनपासून दूर असायची.

त्या दिवशी ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. सकाळपासून पिवळे पट्टे रंगवणं चाललेलं. सगळ्या डाय आरशासारख्या हव्यात, असं वरून आलेलं.

साडेअकराला भोंगा वाजला. मी माझा डबा घेतला, मंदाताईंचाही घेतला. कंत्राटी बायकांना कँटीनमध्ये जागा नव्हती. आम्ही सायकल शेडच्या भिंतीला सावलीत बसायचो आणि ती सावली पुरायची नाही, म्हणून जी आधी जाईल तिनं दुसरीची जागा डबा ठेवून धरायची. मी गेले, बसले, उजवीकडं मंदाताईंचा डबा ठेवला. मेथीचा वास येत होता.

अकरा छत्तीसला भोंगा वाजला. माझ्या नोकरीत वेळेबाहेर वाजलेला तो एकच भोंगा. आणि तो थांबेना.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. प्रेस एकदाच खाली आली होती, कुणी पॅडल दाबलेलं नसताना. त्यांना गाडीत घालून नेलं, फरशी धुतली, चार नंबरवर दुसरी बाई उभी केली आणि तीन वाजता ऑडिटवाले त्याच लाइनवरून चालत गेले. मी त्यांच्या मागं मोजमापांची फाइल धरून उभी होते. शिफ्ट सुटल्यावर सायकल शेडशी गेले तर डबा तिथंच होता. जागा धरून.

संध्याकाळी मास्तरांनी फॉर्म भरला. अपघाताची वेळ: ११:३४. शिफ्टची स्थिती: लंच. बस एवढंच. त्यांच्या अक्षरात, रेषेला धरून. खालचा रकाना एचआरच्या साहेबांनी भरला, आणि त्या एका शब्दावर त्यांनी पूर्ण इमारत उभी केली. लंच म्हणजे कामगाराची स्वतःची वेळ. त्या वेळेत सदर महिला परवानगी नसताना मशीनजवळ गेली. कंपनी जबाबदार नाही, कंत्राटदार जबाबदार नाही. भरपाईचा प्रश्न येत नाही. सुपरवायझरनं लिहून दिलं की त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. चार नंबरची सफाई कुणी सांगितली, हे लाइनवरच्या कुणाला विचारलं तर ज्याला त्याला अचानक काम निघायचं. सगळे कंत्राटी, मलाही ते समजत होतं.

मी रविवारी चऱ्होलीला त्यांच्या घरी गेले. जुनं दगडी जोत्याचं घर, तिन्ही बाजूंनी वीस-वीस मजल्यांचे टॉवर. अकरा वाजले होते तरी अंगणात ऊन नव्हतं. मास्तरीणबाईंनी चहा दिला आणि आत गेल्या.

मी म्हटलं, मास्तर, सहा मिनिटं. फॉर्मची दुरुस्ती तुमच्या हातात आहे. ११:२८ लिहा. लंचच्या आधी झालं म्हणा. बाईचा हात गेलाय, सहा मिनिटांनी कुणाचं काय जाणार आहे?

दोन्ही घड्याळं काढून त्यांनी जोत्यावर ठेवली होती आणि त्यांच्याकडं बघत होते. यांनी आयुष्यात कुणाची वेळ बदलली नव्हती, हे मला माहीत होतं. मालकाच्या भाच्याची नाही. स्वतःच्या मुलाला कंपनीत लावल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला तीन मिनिटांसाठी लेट मारलं होतं. तो मुलगा नोकरी सोडून माण गावच्या आयटी पार्कात ड्रायव्हर झाला आणि त्यांच्याशी धड बोलत नसे.

"येळ माझी न्हाई, पोरी," ते म्हणाले. "म्या बदलाया लागलो तर उद्या त्यो एचआरवाला बी बदलंल. मग कुनाची खरी?"

मी म्हटलं, खरी वेळ घेऊन मंदाताईंनी काय करायचं? डाव्या हातानं चाटायची?

हे शब्द तसेच्या तसे मी बोलले. चहा तसाच ठेवून मी निघाले.

आमच्या पिंपरीच्या घरात फळ्यांवर वर्तमानपत्रं नाही, पत्रकं अंथरलेली असत. बाबांच्या कंपनीतल्या संपांची, विहारातल्या सभांची, मोर्चांची. मला अक्षरं त्यांच्यावर लागली. राग आला की तो एका पानात, दोन्ही बाजूंनी कसा बसवायचा हे मला येतं. त्या रात्री मी तो बसवला. मथळा होता: 'चार मिनिटांचा मालक कोण?' त्यात सुपरवायझर होता, एचआर होतं, पण सगळ्यात जास्त जागा मास्तरांना होती. घड्याळाला विकलेला माणूस, असं मी त्यांना म्हटलं. आणि शेवटी एक वाक्य होतं, त्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला: 'ज्यांनी पाहिलं आणि पुढं गेले, ते सगळे या रक्ताचे वाटेकरी आहेत.'

सकाळी गेटवर ते पत्रक वाटलं. मास्तरांनी स्वतः हात पुढं करून एक घेतलं, चार घड्या घातल्या आणि वहीच्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मला परत दिलं. लाल पेननं तपासलेलं. मी 'साडेअकराच्या सुमारास' लिहिलं होतं, ते खोडून ११:३४. मी 'लाइनवर पाच जण होते' लिहिलं होतं, तिथं 'एक'. घड्याळाला विकलेला माणूस तसाच ठेवला होता. शेवटच्या वाक्यावरही लाल शाई नव्हती. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'बाकी बरोबर.'

महिन्याभरात माझं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. मंदाताई गावी गेल्या. वकीलबाई मिळाल्या, केस उभी राहिली आणि तारखा पडू लागल्या. कंपनीतल्या एकानं कळवलं की मास्तर हल्ली फेरी मारत नाहीत. साडेअकराला भोंगा वाजवतात आणि टाइम ऑफिसात दार लावून बसतात. डबा आणणंही सोडलंय. कुणी लंचबद्दल काही बोललं तरी पेन्सिल काढत नाहीत. पोरं मुद्दाम त्यांच्यासमोर बोलून बघतात.

मला वाटलं, बरं झालं. मी तेव्हा तशीच होते.

दीड वर्षानं एक दिवस वकीलबाईंचा फोन आला. टाइमकीपर स्वतःहून येऊन भेटलेत, म्हणाल्या, आणि साक्ष देतो म्हणतात. मी म्हटलं, ते वेळ बदलणार नाहीत. त्या म्हणाल्या, वेळ नाही, त्यांनी पंधरा वह्या आणल्यात.

कोर्टात मंदाताई रात्रीच्या एसटीनं आल्या होत्या. पदराखाली उजवा हात. मास्तर समोर आले तेव्हा दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. मला वाटलं आता त्या काहीतरी टोचून बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, लई वाळलाव की." मास्तरांनी हात जोडले. सरळ नीट जोडताही येईनात, काखेत वह्यांची पिशवी होती.

आमचा पुकारा होतो न होतो तोच शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, साहेब लंचला उठले, आता नंतर. व्हरांड्यात सगळ्यांनी आपापले डबे काढले. मंदाताईंनी डबा दोन गुडघ्यांत धरला आणि डाव्या हातानं झाकण काढायला लागल्या. ते निघेना. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, येतंय मला. आणि खरंच आलं, पण वेळ लागला. मास्तर भिंतीशी उभे राहून ते बघत होते. त्यांनी काही खाल्लं नाही.

नंतर साक्ष झाली. मास्तर एकेक वही काढून वाचत गेले. तारीख, वेळ, वाक्य, बोलणारा. 'लंचमध्ये डाय पुसून घे.' 'लंचला तुकडे काढा, टार्गेटमध्ये नको.' 'लंच कशाला पायजे, दहा मिनिटात खाऊन ये, बाकी वीस मिनिटं तेल दे.' किती वर्षांची वाक्यं. सुपरवायझर बदललेले, वाक्य तेच. कुणी अक्कल लढवून बनवलेला पुरावा नव्हता तो. एका माणसानं एका शब्दाच्या मागं जाऊन उचललेलं होतं सगळं. त्या कंपनीत लंच ही कामगाराची स्वतःची वेळ कधीच नव्हती, आणि ते कंपनीच्याच तोंडून वहीत पडलेलं होतं. मला जे पत्रक लिहायचं होतं ते हे होतं.

कंपनीचे वकील हसत उठले. त्यांनी विचारलं, हा तुमचा छंद का? मास्तर म्हणाले, व्हय. त्याचा पगार कंपनी देत होती का? न्हाई. ही कंपनीची अधिकृत नोंद आहे का? न्हाई. मग आम्ही ही का मानायची? मास्तर म्हणाले, फॉर्मवरची वेळ तुम्ही मानता ना. ती ज्या घड्याळावरनं लिहिली, त्याच घड्याळावरनं ही लिहिलीय.

वकिलांचं हसणं कमी झालं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो आमच्या वकीलबाई जपून पुढं ठेवणार होत्या: अपघाताच्या दिवशीची काही नोंद आहे का?

मास्तरांनी पंधरावी वही काढली. ती अर्धीच भरलेली होती. त्या दिवसाच्या पानानंतर सगळी कोरी. त्यांनी वाचलं: "अकरा सत्तावीस. 'मंदाताई, लंचमध्ये चार नंबरची डाय साफ करा, स्विच पाडू नका.' सुपरवायझर, प्रेसलाइन."

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, हे तुम्ही स्वतः ऐकलं?

"म्या ऐकलं. हुबा राहून लिहून घेतलं." त्यांनी वही मिटली नाही. "थांबवलं न्हाई. वाटलं भोंगा वाजवून फेरीला येतोच हाय, स्विच पाडायला लावीन. भोंगा वाजवला, आलो. चार नंबरपासनं बारा फुटांवर व्हतो. गेटवरनं फोन आला, ऑडिटवाल्यांची गाडी आली, पास द्या. म्या मागं फिरलो. त्या दिवशी तिला जेवायला चला म्हनलो न्हाई."

मंदाताई डाव्या हातानं उजव्या हातावरचा पदर नीट करत होत्या.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. निकाल अजून लागलेला नाही. वह्या पुराव्यात धरायच्या की नाही यावर आणखी तारखा पडतायत. मास्तरांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. साक्षीच्या दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसची किल्ली काढून घेतली. चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन बसलं, भोंग्याच्या पेटीची वायर जोडली. मास्तरांना गेटजवळ एक खुर्ची दिली आणि काही काम दिलं नाही. सात महिने ते तिथं बसले, वेळेवर आले, वेळेवर गेले. मग घरी गेले, आणि दोन पावसाळ्यांच्या आत वारले. मी पोहोचले तेव्हा त्यांना बाहेर काढलं होतं. हातांवर घड्याळं नव्हती. मनगटांवरचे दोन पांढरे पट्टे तेवढे दिसत होते.

पण मला सांगायचं आहे ते साक्षीच्या दिवशीचं. कोर्टानं पानांच्या प्रती द्यायला सांगितल्या, म्हणून मी आणि मास्तर वह्या घेऊन रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराला घाई होती, तो म्हणाला तुम्हीच लावा काचेवर. मी एकेक पान उलटत होते. शेवटी पंधरावी वही आली. ते पान मी काचेवर पालथं घालणार, तेवढ्यात मला अकरा सत्तावीसच्या खाली आणखी एक ओळ दिसली.

'११:३२. "ताई, मी लंचला पुढं जाते, तुमची जागा धरते." क्वालिटीची मुलगी. प्रेस चार.'

माझं वाक्य होतं ते. मला आठवलं, सगळं आठवलं. मंदाताई वाकलेल्या होत्या, हात कोपरापर्यंत आत होता, मेन स्विचचा लाल दिवा चालू होता. मी मोजमापं तपासणारी, दिवसभर त्या दिव्याखाली काम करणारी, तो मला दिसत होता. मी दोन्ही डबे उचलले, हे वाक्य म्हटलं आणि त्या आतूनच म्हणाल्या, हो तू पुढं, आलेच. आणि मी गेले. रोजचं होतं. जागा धरायची होती.

एका खोलीभर माणसांसमोर त्यांनी स्वतःचे बारा फूट मोजून सांगितले होते. ही ओळ मात्र वाचली नव्हती. ज्या माणसानं पोटच्या पोराला तीन मिनिटं सोडली नाहीत, त्यानं मला सोडलं होतं.

मी म्हटलं, "मास्तर, हे वाचलं नाहीत तुम्ही."

ते रस्त्याकडं बघत होते. "त्यांनी अपघाताची नोंद इचारली. ती वरची."

"आणि ही?"

"ती तुझी हाय," ते म्हणाले. "झेरॉक्स काढायची का न्हाई, ते तू बघ."

दुकानदारानं विचारलं, ताई, झालं का, मागं लोक थांबलेत. मी पान काचेवर ठेवलं, वरची ओळ आणि खालची ओळ दोन्ही येतील असं सरळ केलं आणि झाकण लावून बटण दाबलं.